प्लॉट विकू नका ताई, पोट्ट्याला मॅच खेळू द्या

वाचकाचं पत्र :

सर, नमस्कार. आम्ही नागपूरला मानेवाडा भागात राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मिस्टर महावितरणमध्ये आहेत. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला आहे, येत्या ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण होतील. नऊ वर्षांचा असल्यापासून तो फुटबॉलमध्ये गोलकीपर खेळतो. उंची पाच फूट दहा इंच. शांत पोट्टा आहे, घरात फार बोलत नाही. रोज मुरमावर उड्या मारून डाव्या कोपराची खपली काढून आणतो. ती जखम वर्षभरात पूर्ण भरलेली मी पाहिली नाही.

दोन महिन्यांपूर्वी एका स्पर्धेत त्याला मुंबईचे एक गृहस्थ भेटले. म्हणाले, जानेवारीत स्पेनला पंधरा दिवसांचा कॅम्प आहे, मोठ्या क्लबांचे खेळाडू हेरणारे स्काउट येतात, मुलात दम आहे, करार नक्की होईल. खर्च साडेसहा लाख, त्यातले दोन लाख आत्ता भरायचे. जामठ्याकडे आमचा एक छोटा प्लॉट आहे. मिस्टरांनी त्याला गिऱ्हाईक पाहिलं आहे, रविवारी टोकन घ्यायचं ठरतंय. त्याच जानेवारीत इथे निवड चाचणी आहे, पण मुलगा म्हणतो आता तिला काही अर्थ नाही. मी नको म्हटलं तर दोन दिवस जेवला नाही. म्हणाला, "आई, तू माझी लाईफ खराब करून राहिली."

हे खरं असेल का? नागपूरचा मुलगा विदेशात गोलकीपर होऊ शकतो का? आणि नाही म्हटलं तर तो आयुष्यभर मनात धरेल का?
– एक आई, नागपूर

उत्तर :

ताई, आधी मिस्टरांना फोन करा आणि रविवारी टोकन घेऊ नका म्हणून सांगा. पुढचं पत्र नंतर वाचलं तरी चालेल.

तुमचा मुलगा जानेवारीत सतरा वर्षांचा असेल. फिफाच्या खेळाडू नोंदणीच्या नियमांत कलम १९ आहे. त्यानुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशाच्या क्लबमध्ये नोंदणी होत नाही. अपवाद थोडे आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर, मुलगा युरोपियन युनियनमधल्याच एका देशातून दुसऱ्या देशात जात असेल आणि सोळा पूर्ण असेल तर, किंवा सीमेला लागून राहत असेल तर, असे काही. तुमच्या घराला यातला एकही लागू होत नाही. त्यामुळे या पोट्ट्याने स्पेनमध्ये पंधरा दिवस एकही गोल खाल्ला नाही, तरी ऑगस्टपर्यंत तिथला कोणताही क्लब त्याला करारावर घेऊ शकत नाही. "करार नक्की होईल" असं सांगणाऱ्या माणसाला हा नियम ठाऊक नसेल तर तो एजंट नाही. ठाऊक असून त्याने तुम्हाला सांगितला नसेल, तर तो कोण आहे हे तुम्हीच ठरवा.

त्याला दोन गोष्टी विचारा. फिफाचा परवाना क्रमांक काय, आणि कोणत्या क्लबचं निमंत्रण आहे. परवानाधारक एजंटांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. अल्पवयीन खेळाडूचं काम पाहायचं तर त्या एजंटाला वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि पालकांची लेखी संमती लागते. क्लबचं निमंत्रण असेल तर ते क्लबच्या लेटरहेडवर, तारखांसह असतं. त्या कागदावरच्या ईमेलवर विसंबू नका. क्लबच्या अधिकृत साइटवरचा पत्ता स्वतः शोधा आणि तुम्ही शिक्षिका आहात तर इंग्रजीत चार ओळी स्वतः लिहून विचारा. खऱ्या एजंटाची कमाई खेळाडूच्या करारातल्या टक्केवारीतून होते. खेळाडूच्या आईने विकलेल्या प्लॉटमधून ती होत नसते.

हे मी एवढं तावातावाने लिहितोय, त्याला कारण आहे. १९९४ साली मी एकवीस वर्षांचा होतो आणि नागपुरात एका खात्याच्या टीमचा गोलकीपर होतो. आखातातल्या एका क्लबची ट्रायल आहे म्हणून एकाने माझ्याकडून बावीस हजार घेतले. आईच्या पाटल्या मोडल्या. मुंबईला दादरच्या एका लॉजमध्ये अकरा दिवस मी बॅग भरून बसलो होतो. रोज संध्याकाळी तो यायचा आणि व्हिसा उद्या म्हणायचा. बाराव्या दिवशी तो आलाच नाही. मी सेवाग्राम एक्स्प्रेसने परत आलो.

ताई, पैसे पाच वर्षांत फिटले. वडिलांनी त्याबद्दल एक शब्द कधी काढला नाही. पण घरी आल्यावर लाजेने मी तो अख्खा सीझन मैदानावर पाय ठेवला नाही. त्याच सीझनमध्ये राज्याच्या संघाची निवड होती आणि माझ्या जागी जो गेला तो पुढे तीन वर्षं संतोष ट्रॉफीच्या, म्हणजे राज्यांच्या संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, कॅम्पमध्ये होता. तो माझ्यापेक्षा चांगला नव्हता, तो फक्त मैदानावर हजर होता. म्हणून तुमच्या पत्रात साडेसहा लाखांच्या आकड्यापेक्षा मला दुसरी ओळ जास्त टोचली, ती म्हणजे जानेवारीतल्या निवड चाचणीला आता अर्थ नाही असं मुलगा म्हणतो ती. त्या चाचणीला त्याला पाठवा. काहीही झालं तरी पाठवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. भारतातला गोलकीपर विदेशात खेळू शकतो का? खेळलेत, पण ते कसे गेले ते नीट पाहायला हवं.

गुरप्रीतसिंग संधू मोहालीचा. आधी ईस्ट बंगालकडून खेळला, मग २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबमध्ये गेला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. उंची साडेसहा फुटांच्या आसपास. एवढं असूनही लीगमधला पहिला सामना त्याला २०१६ च्या मे महिन्यात मिळाला. मधली दोन वर्षं बर्फात सराव करायचा आणि सामन्याच्या दिवशी बहुतेक वेळा बेंचवर बसायचं. त्याच वर्षी जूनमध्ये तो युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरला आणि त्या स्पर्धेत खेळणारा पहिला भारतीय ठरला. २०१७ मध्ये तो बंगळुरूला परत आला. हे आपल्याकडचं सगळ्यात यशस्वी उदाहरण आहे, आणि त्यातही खेळण्यापेक्षा थांबणं जास्त आहे.

सुब्रत पालचं तर डोळ्यांसमोर आहे. २०११ च्या आशिया कपमध्ये दोहाला त्याने एकट्याने ज्या पद्धतीने गोलपोस्ट लढवला, तो पाहून आमच्या पिढीचे सगळे कीपर उभे राहिले होते. भारताचा पहिल्या क्रमांकाचा कीपर म्हणून तो २०१४ मध्ये डेन्मार्कच्या वेस्टशेलँड क्लबमध्ये गेला आणि मुख्य संघाकडून एकही सामना न खेळता परतला. सुब्रतमध्ये काही कमी नव्हतं. टीममध्ये फॉरवर्ड तीन-चार बदलून खेळवता येतात, मिडफिल्डरला शेवटची वीस मिनिटं देता येतात. गोलपोस्टमध्ये मात्र एकच माणूस उभा राहतो. त्याला दुखापत झाली, नाहीतर त्याचा फॉर्म गेला, तरच दुसऱ्याचा नंबर लागतो.

त्यात परदेशी खेळाडूंचा कोटा. स्पेनच्या ला लीगात, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, एका संघाला युरोपियन युनियनबाहेरचे मोजकेच खेळाडू ठेवता येतात. त्या मोजक्या जागांमधली एक जागा सिनियर फुटबॉल न खेळलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या कीपरवर कोण खर्च करेल? इंग्लंडमध्ये तर खेळाडूचं वर्क परमिट गुणांवर ठरतं, आणि त्यात राष्ट्रीय संघाचं फिफा रँकिंग पाहतात. आशियातही तेच. परदेशी जागा क्लब गोल मारणाऱ्यांसाठी राखतात. दक्षिण कोरियाने तर आपले कीपर तयार व्हावेत म्हणून १९९९ पासून कित्येक वर्षं परदेशी गोलकीपरला लीगमध्ये घेतलंच नाही.

पण ताई, जो कोटा तिकडचं दार बंद करतो, तोच इकडचं उघडतो. आपल्या आयएसएलचे, म्हणजे इंडियन सुपर लीगचे, क्लबही परदेशी जागा फॉरवर्ड, मिडफिल्डर आणि सेंटर बॅकवर खर्च करतात. त्यामुळे आज देशातल्या सगळ्यात मोठ्या लीगच्या गोलपोस्टमध्ये जवळपास सगळे आपले भारतीय पोट्टे उभे असतात. भारतीय स्ट्रायकरला ही सवलत नाही, तो परदेशी खेळाडूशी जागेसाठी भांडून भांडून बेंचवर जातो. गोलकीपरला आपल्या देशात जागा आहे, आणि खालच्या डिव्हिजनमध्ये तर उंच, धीट कीपर शोधत प्रशिक्षक गावोगाव फिरतात. तुमच्या मुलाला विदेशात जायचंच असेल, तर तो रस्ता आधी या गोलपोस्टमधून जातो. गुरप्रीतही याच रस्त्याने गेला होता.

म्हणजे जिल्हा, मग विफाची म्हणजे राज्याच्या संघटनेची निवड, मग युवा लीग खेळणाऱ्या एखाद्या क्लबची किंवा निवासी अकादमीची ट्रायल. त्याची सीआरएस नोंदणी, म्हणजे भारतीय फुटबॉल फेडरेशनकडची खेळाडू म्हणून ऑनलाइन नोंदणी, झाली आहे का आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी जुळते का, हे आजच तपासा. उद्या कधी खरंच विदेशी क्लब आला, तर खेळाडूचं हस्तांतर प्रमाणपत्र एका देशाच्या फेडरेशनकडून दुसऱ्या देशाच्या फेडरेशनकडे जातं, आणि तिथे एका तारखेची चूक महिनाभर गाडी अडवते.

उंचीचं मी स्पष्ट सांगतो, कारण बाकी कोणी सांगणार नाही. पाच फूट दहा इंच ही नागपुरात चांगली उंची आहे, युरोपात ती कमी पडते. स्पेनचा गोलकीपर इकर कासियास सहा फुटांच्या आसपासचा होता आणि तिथल्या मानाने त्याला बुटका समजत. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षापर्यंत एखाददुसरा इंच वाढू शकतो, त्यावर आपलं काही चालत नाही. म्हणून ज्यावर चालतं तिकडे येतो.

तुम्ही सहज लिहून गेलात की डाव्या कोपराची खपली वर्षभर भरत नाही. ती ओळ मी शिकवतो त्या दोन कीपरना वाचून दाखवली, दोघंही लगेच म्हणाले, "सर, हा कोपर टेकवून राहिला." बरोबर आहे. कीपरने डावीकडे झेप घेतली की आधी मांडीची बाहेरची बाजू जमिनीला लागते, मग कंबर, मग खांदा, आणि दोन्ही हात बॉलमागे मोकळे राहतात. त्याच्या खपल्या कमरेवर आणि मांडीवर हव्यात. कोपर आधी टेकतो याचा अर्थ डावीकडे पडायची त्याला भीती वाटते आणि तो एक हात आधाराला ठेवतो. मग बॉलवर एकच हात जातो आणि बॉल निसटून फॉरवर्डच्या पायात पडतो. चांगल्या क्लबचा गोलकीपिंग कोच हे पहिल्या दहा मिनिटांत पाहतो. यावर इलाज फुकट आहे. कामठीला किंवा मोतीबागेला गवत असेल त्या कोपऱ्यात, गवत नसेल तर वाळूच्या ढिगावर, आधी गुडघ्यावर बसून, मग उकिडवं बसून, मग उभं राहून डावीकडे पडायचं. रोज चाळीस वेळा, तीन महिने. घरात जुनी गादी असेल तर पहिला आठवडा गच्चीवर तीच टाका.

पायांचंही तसंच. १९९२ मध्ये बॅकपास, म्हणजे आपल्याच खेळाडूने पायाने मुद्दाम मागे दिलेला बॉल, हातात घेण्यावर बंदी आली तेव्हापासून कीपरला पायाने खेळावंच लागतं, आणि २०१९ पासून गोलकिक पेनल्टी बॉक्समध्येच आपल्या माणसाला देता येते, म्हणजे आता तो अकरावा डिफेन्डर आहे. आपल्याकडचे बहुतेक कीपर उजव्या पायाने लांब हाणतात आणि डाव्या पायावर बॉल आला की घाबरतात. त्याला विचारा, डाव्या पायाने वीस यार्डांवरच्या माणसाच्या पायात बॉल देता येतो का.

आणि आवाज. शांत पोट्टा आहे म्हणता. घरात शांत राहू द्या, मैदानात चालणार नाही. कॉर्नर आला की "माझा!" ही हाक पुढच्या दोन्ही डिफेन्डरना ऐकू गेली पाहिजे, नाहीतर तिघं एकाच बॉलवर जातात. विदेशात हीच हाक त्यांच्या भाषेत मारावी लागते. फॉरवर्डचं मुक्याने भागतं, कीपरचं नाही. त्यामुळे बोलायचं इंग्रजी हा त्याच्या सरावाचाच भाग धरा. तुमच्या हातात हे सगळ्यात सोपं आहे, रोज संध्याकाळी अर्धा तास तुम्हीच त्याच्याशी इंग्रजीत बोला, त्याने मॅच कशी झाली ते सांगायचं.

व्हिडिओचंही सांगतो. गाणं लावलेली दोन मिनिटांची क्लिप कीपरच्या कामाची नाही. कीपर सत्तर मिनिटं रिकामा उभा राहिल्यावर एकाहत्तराव्या मिनिटाला काय करतो, ते पाहायचं असतं. तीन-चार अख्खे सामने, उंचावरून, ट्रायपॉडवर मोबाईल लावून, दोन्ही हाफ, न कापता. त्यात त्याने खाल्लेले गोलही राहू द्या. मी स्वतः मुलं निवडतो तेव्हा गोल खाल्ल्यानंतरची पाच मिनिटं आधी पाहतो.

बारावी सोडू देऊ नका. २०२५ च्या उन्हाळ्यात आयएसएलच थांबली होती आणि काही क्लबांनी पगार रोखले, देशातले पहिल्या फळीचे खेळाडू घरी बसले. त्यांच्यातला ज्याच्याकडे पदवी होती त्याला निदान झोप लागत होती. आणि शिक्षण हाही विदेशाचा एक रस्ता आहे. अदिती चौहान भारताच्या महिला संघाची माजी कीपर, इंग्लंडला लफबरो विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकायला गेली आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघात आली, तेव्हा तो संघ तिसऱ्या श्रेणीत खेळायचा. तिचा मार्ग मला अतिशय आवडतो. फक्त एक लक्षात ठेवा, इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करायला मनाई आहे, त्यामुळे "आधी स्टुडंट व्हिसा काढू, मग प्रो होऊ" असं कोणी सांगितलं तर तेही खोटं आहे. इथे पदवीला गेला तर आंतरविद्यापीठ स्पर्धा आहेत, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था दोन-अडीच तासांवर आहे, आणि रेल्वे-पोलिसांच्या भरतीत खेळाडूंसाठी जागा असतात. पुढे गोलकीपिंग कोचचा परवानाही घेता येतो. आमच्याकडे कीपर शिकवणारी माणसं फार कमी आहेत.

तो मनात धरेल का, हा तुमचा खरा प्रश्न. थोडे दिवस धरेल. पण नुसतं "नाही" म्हणू नका, आणि बापाने तर अजिबात म्हणू नये. तिघं बसा आणि त्याच्यासमोर कॅलेंडर ठेवा. जानेवारीत निवड चाचणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा. एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेपाचला सराव, कारण आपल्याकडे नऊनंतर मैदानावर उभं राहणं शक्य नाही. जून-जुलैत दोन अकादमींच्या ट्रायल, त्यांचा प्रवासखर्च तुमचा. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झाले की पासपोर्ट काढून ठेवा. साडेसहा लाखांऐवजी पन्नास हजार त्याच्या नावाने बाजूला काढा आणि त्याला सांगा की हे तुझ्या ग्लोव्हज, बूट आणि प्रवासाचे, हिशेब तूच ठेव. प्लॉट राहील, आणि त्याला कळेल की आईबापांनी त्याचं स्वप्न नाकारलेलं नाही.

त्याला एदुआर मेंडीची गोष्टही सांगा, माझ्याकडचे पोट्टे ती ऐकून गप्प होतात. फ्रान्ससारख्या देशात जन्मलेला हा कीपर २०१४ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, क्लब नसल्यामुळे वर्षभर बेकार होता, बेरोजगारांच्या यादीत त्याचं नाव होतं. २०२१ मध्ये त्याने चेल्सीकडून चॅम्पियन्स लीग जिंकली. गोलकीपरचं वय उशिरा येतं. इटलीच्या दिनो झॉफने १९८२ चा वर्ल्ड कप चाळिसाव्या वर्षी उचलला. सतराव्या वर्षी ज्याची लाईफ खराब झाली असा गोलकीपर मी अजून पाहिलेला नाही.

त्या मुंबईच्या गृहस्थाचा फोन पुन्हा आला तर मुलालाच उचलू द्या, आणि परवाना क्रमांक त्यालाच विचारू द्या. समोरचा काय उत्तर देतो ते त्याने स्वतःच्या कानाने ऐकलं पाहिजे.

आणि या सदराकडे एक निरोप पाठवा, पुढच्या रविवारी सकाळी त्याला माझ्याकडच्या मुलांबरोबर सरावाला येऊ द्या. तुम्ही दोघंही या. ग्लोव्हज घालण्याआधी पाण्यात भिजवून पिळून घे म्हणावं, नागपूरच्या हवेत कोरडे ठेवले की त्यांचं रबर तडकतं आणि बॉल धरत नाहीत. सध्या कोपराला पट्टी बांधू नका. डावीकडे पडताना नेमकं काय टेकतं, ते मला पाहायचं आहे.